तीन कुरवांचा बिल्ला

गोव्यात मांद्र्याला माझा भाचा पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. ऑक्टोबर ते मार्च तिथे परदेशी माणसं राहतात आणि जाताना बरंच काही मागे ठेवून जातात. अर्धवट वाचलेली पुस्तकं, चटया, एखादी सायकल, तारा तुटलेलं गिटार. अशाच सामानात बटणं आणि दोऱ्याची रिळं भरलेला एक बिस्किटांचा डबा निघाला आणि डब्याच्या तळाशी एक कापडी बिल्ला. गडद निळ्या लोकरी कापडाचा गोल, संत्र्याच्या फोडीएवढा रुंद, आणि त्यावर पांढऱ्या धाग्याने भरलेले तीन उडते पक्षी. डबा जर्मन, म्हणून बिल्ला जर्मन; पक्षी उडताहेत, म्हणून वैमानिकाचा. एवढा निवाडा भाच्याने स्वतःच केला आणि बिल्ला मला आणून दिला.

मला का, तर मी हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि माझी सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. विमान उडवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. मी गणवेश, बूट, फिती, बिल्ले यांच्या खतावण्या सांभाळणारा. घरी परतलो ते पेडण्याला. आता मोपाच्या विमानतळामुळे दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, त्यामुळे गावातल्या पोरांनाही विमानाचं वेड लागलंय. कुणाकडे पंखाचं चिन्ह असलेली कसलीही वस्तू सापडली की ती माझ्या पडवीवर येते.

भाच्याचा तर्क कच्चा होता. डब्यात काहीही ठेवता येतं आणि पक्षी शाळेच्या बिल्ल्यावरही असतात. पण ते तीन पक्षी मला ओळखीचे वाटले. ते कुरव होते, म्हणजे आपण ज्यांना सीगल म्हणतो ते. मोरजीच्या किनाऱ्यावर थंडीत त्यांचे थवे उतरतात. आणि विमानविद्येत तीन कुरवांना ठरलेला अर्थ आहे.

बंदी आली आणि बिल्ले बदलले

पहिल्या महायुद्धापर्यंतचे जर्मन वैमानिकांचे बिल्ले ओळखायला सोपे. कैसर दुसरा विल्हेल्म याने २७ जानेवारी १९१३ रोजी लष्करी वैमानिकांसाठी बिल्ला सुरू केला. धातूचा, लंबगोल, भोवती पानांची माळ, वर राजमुकुट आणि मध्ये शेतांवरून उडणारं 'टाउबे' जातीचं विमान. टाउबेचे पंख कबुतरासारखे मागे वळलेले असायचे. असा बिल्ला पाहिला की देश, काळ आणि हुद्दा तिन्ही कळतात.

१९१९ मध्ये व्हर्सायचा तह झाला. त्याच्या १९८व्या कलमाने जर्मनीला लष्करी किंवा आरमारी विमानदल ठेवायला मनाई केली. ज्या देशाने चार वर्षं हवेत लढाई केली, त्याच्याकडे एका सहीनिशी लष्करी वैमानिक उरला नाही, निदान कागदावर तरी. मग वैमानिक गेले कुठे? काही प्रवासी वाहतुकीत गेले. ६ जानेवारी १९२६ रोजी स्थापन झालेल्या लुफ्त हान्साच्या माणसांच्या गणवेशावर उडता क्रौंच आला; तो वास्तुकार ओट्टो फिर्ले याने १९१८ मध्ये एका आधीच्या विमान कंपनीसाठी काढला होता आणि आजही लुफ्तान्साच्या शेपटावर तोच दिसतो. काही सैनिक गुपचूप रशियात लिपेत्स्कला जाऊन शिकले. तिथली शाळा १९२५ ते १९३३ चालली, आणि गुप्त शाळेत कोण कशाला बिल्ला लावील?

उरलेली तरुण मंडळी डोंगरावर गेली. ऱ्होन भागात वासरकुप्पे नावाचा साडेनऊशे मीटरांचा डोंगर आहे. १९२० मध्ये ऑस्कर उर्सिनुस या संपादकाच्या पुढाकाराने तिथे इंजिन नसलेल्या विमानांची, ग्लायडरची, पहिली स्पर्धा भरली. तहाची कलमं इंजिनाच्या विमानांवर नजर ठेवून लिहिलेली. लाकडाच्या काटक्या आणि कापड यांनी बनवलेल्या, रबरी दोराने उताराखाली भिरकावल्या जाणाऱ्या या यंत्रांकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पहिली वर्षं काही सेकंदांच्या, फार तर काही मिनिटांच्या उड्यांत गेली. मग १९२२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर मार्टेन्स याने 'व्हाम्पीर' नावाच्या ग्लायडरमध्ये तासाहून जास्त वेळ हवेत राहून दाखवलं. वारा डोंगराला आपटून वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर बसलं की इंजिन लागत नाही. घारीला हे केव्हापासून माहीत आहे. जर्मन पोरांना ते एकदा कळलं आणि गावोगाव ग्लायडरचे क्लब निघाले.

शिकणाऱ्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. 'ए' म्हणजे अर्धा मिनिट सरळ उड्डाण. 'बी' म्हणजे जास्त वेळ आणि वळणं घेऊन. 'सी' म्हणजे जिथून सुटलात त्या उंचीच्या वर किमान पाच मिनिटं टिकून राहायचं. म्हणजे आता तुम्ही नुसते खाली घसरत नाही, वाऱ्यावर उडता. 'ए'ला एक कुरव, 'बी'ला दोन, 'सी'ला तीन. निळ्या गोलावर पांढरे पक्षी. त्याच्या पुढची पायरी 'सिल्व्हर सी': पाच तासांचं उड्डाण, हजार मीटर उंची कमावणं आणि पन्नास किलोमीटर अंतर. तिच्यात तेच तीन कुरव, भोवती रुपेरी माळ.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सगळे क्लब एका संघटनेत कोंबले गेले. तिचं नाव डॉइचर लुफ्तस्पोर्टफरबांड, थोडक्यात डीएलव्ही. नाव खेळाच्या संघटनेचं, पोशाख निळसर राखाडी लष्करी थाटाचा आणि चिन्ह पंख, पंखा आणि स्वस्तिक यांचं. १९३५ मध्ये जर्मनीने तह धुडकावून लुफ्तवाफे हे विमानदल उघडपणे जाहीर केलं. त्याच्या वैमानिकांना ऑगस्ट १९३५ मध्ये झेपावणाऱ्या गरुडाचा नवा बिल्ला मिळाला. १९३७ मध्ये डीएलव्ही मोडून एनएसएफके ही नाझी पक्षाची संघटना आली. तिचं चिन्ह पंख लावलेला इकारस. हाना राइट्श आणि अडॉल्फ गॅलंड हे पुढे गाजलेले वैमानिक आधी ग्लायडरवरच घडले. म्हणजे डोंगरावरचा खेळ हीच नव्या विमानदलाची भरती होती.

दोन युद्धांमधले जर्मन बिल्ले अनोळखी का वाटतात, त्याचं उत्तर या हकिकतीत आहे. सरकारी बिल्ला असतो तेव्हा त्याचा हुकूम निघतो, माप ठरतं, कारखाना ठरतो, नोंद राहते. इथे पंधराएक वर्षं सरकारी बिल्लाच नव्हता. होते ते क्लबांचे, कंपन्यांचे, शाळांचे. काही दुकानातून घेतलेले, काही घरी आईने किंवा बहिणीने भरलेले. संग्राहकांच्या पुस्तकात गरुडांना पानंच्या पानं मिळतात, आणि या पाखरांना एखादी ओळ.

पण हे कुरव जर्मन कशावरून?

माझी अडचण पुढेच होती. लोहगावच्या तळावर असताना मी पुण्याच्या हडपसरचं ग्लायडिंग केंद्र पाहिलंय. नागरी उड्डाण खात्याचं हे केंद्र १९५० च्या सुमाराला सुरू झालं. आपल्या देशात बनलेली रोहिणी, अश्विनी ही ग्लायडर अशा केंद्रांवर उडाली. तिथे एका जुन्या शिक्षकांच्या कोटावर मी असेच तीन कुरव पाहिले होते. ब्रिटिश ग्लायडिंगवाल्यांनी ही पद्धत १९३० पासून उचलली आणि नंतर ती जगभर पसरली. एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटशी मात्र याचा काही संबंध नाही. गावातल्या एका पोराने तसा दावा केला म्हणून सांगतो.

थोडक्यात, चित्र फार काही सांगत नव्हतं. तीन कुरव लंडनचे असू शकतात, पुण्याचे असू शकतात, वासरकुप्पेचेही. देश आणि काळ ठरवायचा तर कापड, धागा आणि पाठ यांच्याकडे वळायला हवं होतं. मी बिल्ला घेऊन डिचोलीला गेलो.

डिचोलीत माझ्या ओळखीचे एक ड्रेपरीवाले आहेत. नाटकांना, दशावताराला, शाळांच्या स्नेहसंमेलनांना पोशाख भाड्याने देतात आणि दुरुस्तही स्वतःच करतात. राजाचा अंगरखा, शेला, किरीटाची झालर, बँडवाल्यांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. खरी जर कोणती, नकली कोणती, बादला कुठला, हे ते बोटाने चाचपून सांगतात. मी बिल्ला त्यांच्या मशीनवर सरळ ठेवला. त्यांनी तो लगेच पालथा केला. "फुडल्यान कितें पळयता? फाट पळय," म्हणाले.

पाठीला काळं सुती अस्तर होतं, कडेने हाताने टाके घालून बसवलेलं. एका बाजूला ते बोटाच्या पेराएवढं उसवलेलं होतं. त्या फटीतून त्यांनी मला लोकरी कापडाची आतली बाजू दाखवली. समोरून जे निळं दिसत होतं ते आत जवळजवळ शाईसारखं गडद होतं. म्हणजे बिल्ला बराच काळ उजेडात, कुणाच्या तरी छातीवर, राहिला होता. मग त्यांनी कडेची भोकं दाखवली. सुईच्या भोकांच्या दोन रांगा होत्या, एक दाट आणि एक विरळ. विरळ भोकांत तपकिरी धाग्याचा एक तुकडा अडकून राहिला होता, दाट भोकांत काळा. बिल्ला एकदा एका कपड्यावर शिवला गेला, काढला गेला आणि पुन्हा दुसऱ्यावर शिवला गेला. पहिला शिवणारा घाईतला, दुसरा सुईत तरबेज.

पक्ष्यांचे टाकेही त्यांनी भिंगातून पाहिले. मशीनच्या भरतकामात मागच्या बाजूला बॉबीनचा वेगळा धागा दिसतो आणि टाक्यांचं अंतर शेवटपर्यंत एकसारखं असतं. इथे तसं नव्हतं. भरीव टाका हाताने घातलेला, खाली सुताचा थर देऊन उठाव आणलेला आणि तिसऱ्या पक्ष्याचा डावा पंख बाकीच्यांपेक्षा जाड. धागा चमकदार होता पण रेशमाचा वाटत नव्हता. फटीतून लोंबणारी एक तुटकी काडी त्यांनी चिमट्यात धरून पेटवली. ती कागदासारखी भुरकन जळली आणि मऊ राख उरली. रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. हा कृत्रिम रेशमाचा, म्हणजे रेयॉनचा धागा. लोकरीचा एक तंतू मात्र केसाच्या वासाने जळला.

या परीक्षेला महत्त्व आहे. नायलॉन बाजारात आलं १९३० च्या दशकाच्या अगदी शेवटी आणि पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा. दोन युद्धांमधल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिल्ल्यात पॉलिएस्टर निघालं तर पुढे बोलायलाच नको. जरीचंही तसंच. खऱ्या चांदीची जर काळी पडते, तांब्यावरची नकली जर लालसर-हिरवी होते, आणि १९३० च्या दशकात जर्मन गणवेशांवर चांदीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार मोठ्या प्रमाणावर आली, ती काळी न पडता राखाडी पांढरी राहते. आपल्याकडे वाराणसीचे जरदोजी कारागीर देशोदेशीच्या पलटणींचे आणि क्लबांचे बिल्ले आजही हाताने भरतात. त्यांचं काम इतकं सुबक असतं, की हाताचं काम आहे म्हणून जुनं आहे, असं मानायला जागा राहत नाही.

ड्रेपरीवाल्यांच्या गल्ल्यात नोटा तपासायचा निळा दिवा होता. तोही आम्ही लावून पाहिला. आजच्या पांढऱ्या कापडात आणि साबणाच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं असतात, ती अशा दिव्याखाली निळसर झळकतात. ती कापडात सर्रास आली दुसऱ्या महायुद्धानंतर. आमचे कुरव त्या उजेडात मळकट पिवळे दिसले, शेजारी ठेवलेला माझा रुमाल मात्र ट्यूबलाइटसारखा पेटला. एवढ्यावर निकाल लावू नये. जुनं कापड कुणी अलीकडे पावडरीत धुतलं असेल तर तेही झळकतं आणि नव्या नकली मालासाठी कुणी मुद्दाम जुना धागा वापरला तर तो झळकत नाही.

कागदाने सांगितलेला काळ

खरा पुरावा त्या पेराएवढ्या फटीतच होता. लोकर आणि अस्तर यांच्या मध्ये बिल्ल्याला ताठपणा यावा म्हणून खळीने कागद चिकटवलेला होता. बॅटरीचा उजेड तिरका धरला तेव्हा त्यावर छापील अक्षरं दिसली. वर्तमानपत्राचा तुकडा. अस्तर आणखी उसवलं असतं तर जास्त वाचता आलं असतं, पण ते आम्ही केलं नाही. शिवण हासुद्धा पुरावाच असतो आणि एकदा उसवली की परत तशी घालता येत नाही. फटीतून मोबाइलने जमेल तसे फोटो काढले आणि माझ्या पुतणीला पाठवले. तिने पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून घेतलंय.

तिचा फोन रात्री आला. "काका, ही साधी रोमन अक्षरं नाहीत, फ्राक्टुर आहे," ती म्हणाली. फ्राक्टुर म्हणजे जर्मन छपाईतली ती टोकदार, मोडलेल्या काड्यांसारखी जुनी लिपी. आपल्याकडे मोडी आणि बाळबोध जशा शेजारी नांदल्या तशी जर्मनीत फ्राक्टुर आणि रोमन नांदत होती. मजकूर तिला पुरा लागला नाही. कोटांच्या किंवा कापडाच्या जाहिरातीचा भाग असावा, कारण आकड्यांपुढे किमतीची खूण होती. ती खूण 'आर' आणि 'एम' या अक्षरांची. राइश्समार्क.

इथे काळ दोन्ही बाजूंनी बांधला गेला. राइश्समार्क हे चलन महागाईचा डोंब विझल्यावर १९२४ मध्ये आलं आणि जून १९४८ मध्ये गेलं. फ्राक्टुर जर्मन वर्तमानपत्रांत शतकानुशतकं होती, पण जानेवारी १९४१ मध्ये हिटलरच्या सरकारनेच ती बंद करून रोमन अक्षरं चालवण्याचा हुकूम काढला. त्यानंतर छापखाने हळूहळू वळले. म्हणजे हा कागद १९२४ नंतरचा आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीच्या आतला. आता कुणी म्हणेल, जुना कागद नंतरही वापरता येतो. येतो, पण बिल्ल्याला ताठपणा द्यायला कुणी जुनं वर्तमानपत्र जपून ठेवत नाही, हाताला लागतं ते कालपरवाचं असतं. कागद जर्मन, धागा रेयॉन, कापड लोकरी, कुठेही नवा कृत्रिम तंतू नाही. पुण्याचा आणि लंडनचा रस्ता इथे बंद झाला.

काळ जुळला म्हणून नातं जुळत नाही

बिल्ला जर्मन आणि त्या काळचा, हे गावात पसरलं तशी दुसरी गोष्ट सुरू झाली. "म्हणजे मुरगावच्या बोटींवरचा!" चहाच्या दुकानात प्रत्येकाला ते ठाऊक होतं. गोष्ट खरी आहे, तेवढी सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या मालवाहू बोटींनी मुरगाव बंदरात आसरा घेतला. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवा त्यांना सुरक्षित. साडेतीन वर्षं त्या नांगर टाकून पडून राहिल्या. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश राखीव पलटणीच्या वयस्कर स्वयंसेवकांनी 'फीबी' नावाच्या बोटीतून येऊन एहरेनफेल्सवर हल्ला केला. तिच्यावर गुप्त रेडिओ प्रक्षेपक असल्याचा संशय होता. जर्मनांनी आपल्याच बोटी पेटवून बुडवल्या. १९८० मध्ये 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट यावर निघाला आणि त्याचं चित्रीकरणही गोव्यात झालं, त्यामुळे आमच्याकडे ही हकिकत प्रत्येकाला आपल्या आजोबांची वाटते.

पण ते सगळे खलाशी. त्यांच्यातल्या एखाद्या पोराने बोटीवर चढण्याआधी गावच्या क्लबात 'सी' परीक्षा दिलेली असू शकते, इतकंच. त्याने बिल्ला मांद्र्याच्या डब्यात ठेवला याला दुवा लागतो. नाव, फोटो, पत्र, काहीतरी. त्याउलट, दर हंगामात पेडण्याच्या किनाऱ्यावर जर्मन माणसं येतात, आणि आजीचा शिवणकामाचा डबा घेऊन फिरणारी नात ही त्याहून साधी शक्यता आहे. विमानाची नवलाई गोव्यातही त्याच काळात आली. १९३० मध्ये मोरेइरा कार्दोझो आणि सार्मेन्तो पिमेन्तेल हे पोर्तुगीज वैमानिक 'मारांव' नावाच्या छोट्या विमानातून पोर्तुगालहून गोव्याला पोचले. उद्या कुणी बिल्ला त्यांच्याशीही जोडील. जुन्या वस्तूंच्या बाजारात वस्तूपेक्षा गोष्ट महाग विकली जाते. जर्मन बिल्ल्यांच्या नकला तर मुबलक आहेत, आणि गोष्ट जितकी रसाळ तितकी ती तपासायला हवी.

शेवटी मी स्टोअरच्या सवयीने चिठ्ठी लिहिली: "ग्लायडर वैमानिकाचा कापडी बिल्ला, 'सी' श्रेणी. जर्मन, हातभरत. १९२४ ते १९४१ च्या सुमाराचा. मिळाला मांद्रे, पेडणे येथे." यातल्या प्रत्येक शब्दामागे धागा, कागद किंवा टाका दाखवता येतो. डीएलव्हीचा की एनएसएफकेचा, हे मी लिहिलेलं नाही, कारण कुरव दोघांकडेही होते आणि त्यांच्या आधीच्या क्लबांकडेही. भाच्याला "नाझी बिल्ला" असं लिहून हवं होतं. तसं लिहिलं की गिऱ्हाईक जास्त देतं. स्वस्तिक नाही, इकारस नाही, तर तो शब्द कुठून आणायचा?

बिल्ला आता बिनआम्ल कागदात, सपाट, ओल टिपणाऱ्या पुड्यांसोबत डब्यात आहे, कारण आमच्या पावसाळ्यात लोकरीला कसर आणि बुरशी दोन्ही धरतात. तुमच्या घरी अशी काही कापडी वस्तू निघाली तर ती धुऊ नका, इस्त्री करू नका, गोंदाने फ्रेममध्ये चिकटवू नका. आणि फोटो काढून कुणाला पाठवणार असाल तर पाठीचा फोटो पहिला पाठवा.